गॅमा बसवला, पण त्यातून निघालेले आकडे माझ्या रजिस्टरसारखे दिसत नाहीत

पाना_नंबर_१४

मी मेन्टेनन्सचा माणूस, सांख्यिकीचा नाही. कॉलेजात विषय होता, पास झालो, विसरलो. चूक अगदी बाळबोध असेल तर हसा, पण सांगा.

मशीन बंद पडलं की दुरुस्तीला किती मिनिटं लागली याची नोंद आम्ही रजिस्टरात करतो. गेल्या चौदा महिन्यांच्या ४१२ नोंदी मी स्वतः बसून टाइप केल्या. सरासरी ४५ मिनिटं. मला शोधायचंय एवढंच, की रात्रपाळीला दोन फिटर पुरतील की तिसरा लागेल. सरासरी धरून हिशेब केला तर दोन पुरतात. पण एकाच वेळी तीन मशिनं बंद पडली की दोघं अडकतात आणि तिसरं मशीन तसंच उभं राहतं, आणि हे सरासरीत कुठेच दिसत नाही. म्हणून म्हटलं, रजिस्टरावर एखादं वितरण (कुठला आकडा किती वेळा येतो याचा गणिती वक्र) बसवू, त्यातून रँडम आकडे काढू आणि हजार रात्री कॉम्प्युटरवर चालवून बघू.

‘आर’ या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये फिट-डिस्टर हे फंक्शन वापरून गॅमा (उजवीकडे लांब शेपटी असलेलं एक वितरण) बसवला. शेप २.२५, रेट ०.०५ आला. हिस्टोग्रामवर रेघ काढली, छान बसली. वक्र आणि नोंदी यांच्यातलं अंतर मोजणारी कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह चाचणी केली, पी ०.२१ (पी फार लहान आला तर वक्र बसत नाही). म्हणजे बसलं, असं मी धरून चाललो.

सिम्युलेशन मात्र पायथनमध्ये आहे, आमच्याकडच्या एका मुलाने लिहिलेलं. त्यात नमपाय या पायथनच्या लायब्ररीतल्या गॅमा फंक्शनला हेच दोन आकडे दिले. पहिले चार आकडे बघा: ०.०७, ०.१९, ०.११, ०.०४. ही मिनिटं आहेत! सरासरी ०.११ मिनिट, म्हणजे जेमतेम पावणेसात सेकंद. पावणेसात सेकंदांत आमचा पाना पेटीतूनही निघत नाही.

मग त्या मुलाने सायपाय या पायथनच्याच दुसऱ्या लायब्ररीत स्वतःच गॅमा बसवला. त्याला दोनाच्या जागी तीन आकडे मिळाले: २.६१, उणे २.९ आणि १८.४. पहिला आणि तिसरा त्याने घेतला, मधला “आतलं काहीतरी असेल” म्हणून सोडून दिला. आता सरासरी ४८ येते. जवळ आहे, पण ४५ नाही.

रजिस्टर एक, गॅमा एक, उत्तरं तीन. कुठे चुकतंय?

फोनवरून लिहितोय, त्यामुळे फंक्शनांची नावंही देवनागरीतच आहेत, सांभाळून घ्या.

उजवं_शेपूट

हसणार नाही. हीच चूक मी केली आहे, आणि माझ्या बाबतीत ती पकडली जायच्या आधी अहवाल पुढे गेला होता.

गॅमा लिहायच्या दोन रीती आहेत. शेप, म्हणजे वक्राचा आकार ठरवणारा आकडा, दोन्हीकडे तोच. दुसरा आकडा काही जण रेट म्हणून देतात, काही जण स्केल म्हणून, आणि दोन्ही एकमेकांचे व्यस्त. तुमचा रेट ०.०५, तेव्हा स्केल झाला १ भागिले ०.०५, म्हणजे २०. नमपायला स्केल हवा असतो. तुम्ही त्याला ०.०५ दिलात, तो मुकाट्याने ०.०५ मिनिटांचा स्केल धरून चालला. त्याच्याकडून चूक काहीच झाली नाही. म्हणूनच एररही आली नाही.

लक्षात ठेवायला एककं बघा. स्केल मिनिटांत असतो: २० मिनिटं. रेट ‘दर मिनिटाला’ असतो: ०.०५ दर मिनिटाला. आकडा हातात आला की आधी त्याचं एकक विचारायचं. सरासरी म्हणजे शेप गुणिले स्केल: २.२५ × २० = ४५. प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) म्हणजे शेपचं वर्गमूळ गुणिले स्केल: १.५ × २० = ३०. एवढं तोंडी करता येतं.

कुठे काय चालतं, माझ्या वापरातलं सांगतो. ‘आर’मध्ये आरगॅमाला नाव न देता आकडे दिले तर शेपनंतरचा आकडा तो रेट समजतो, स्केल हवा तर नाव घालून द्यावा लागतो. नमपाय, मॅटलॅब आणि एक्सेल तिघंही स्केल घेतात. एक्सेल त्याला बीटा म्हणतं, आणि बऱ्याच पाठ्यपुस्तकांत बीटा हा रेट असतो, त्यामुळे तिथे अजून मजा. जॅग्स आणि स्टॅन ही सांख्यिकीची आणखी दोन सॉफ्टवेअरं रेट घेतात.

गॅमापुरतं हे थांबलं असतं तरी चाललं असतं, पण थांबत नाही, दुसऱ्या वितरणांतही तेच. एक्स्पोनेन्शियलला ‘आर’ रेट मागतं, नमपाय आणि मॅटलॅब थेट सरासरी मागतात. साधा नॉर्मल, घंटेच्या आकाराचा, घ्या: ‘आर’ प्रमाण विचलन घेतं, जॅग्स त्याच जागी विचरणाचा (प्रमाण विचलनाच्या वर्गाचा) व्यस्त घेतं. लॉगनॉर्मलमध्ये नमपायच्या पहिल्या आकड्याचं नाव ‘मीन’ आहे, पण ती मिनिटांची सरासरी नाही, मिनिटांच्या लॉगची आहे. सगळ्यात वाईट वायबुल. ‘आर’च्या सर्व्हायव्हल पॅकेजातल्या सर्व्ह-रेगने वायबुल बसवला की तो ज्याला ‘स्केल’ म्हणतो तो आरवायबुलच्या शेपचा व्यस्त असतो, आणि खरा स्केल काढायला त्याच्या इंटरसेप्टचा ई-घात घ्यावा लागतो. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन खोल्यांत एकाच नावाच्या दोन वेगळ्या वस्तू ठेवल्यासारखं आहे ते.

आता तुमच्या मुलाचे तीन आकडे. सायपायला तुम्ही काही सांगितलं नाही तर तो गॅमाची सुरुवात शून्यावर धरत नाही. ती कुठे असावी हेही तो डेटावरूनच ठरवतो. तो मधला उणे २.९ म्हणजे ती सुरुवात, ‘लोक’ (लोकेशन). २.६१ × १८.४ केलं की ४८ येतात, त्यातून २.९ वजा करा, ४५.१ उरतात. मधला आकडा सोडला म्हणून सरासरी जवळजवळ तीन मिनिटांनी फुगली. पण तो धरलात तरी गोची आहेच: असा गॅमा उणे २.९ पासून सुरू होतो, म्हणून हजारांत साधारण दोन दुरुस्त्या उणे मिनिटांत होतील. मशीन बंद पडायच्या आत दुरुस्त! फिट करतानाच ‘एफ-लोक बरोबर शून्य’ द्या, मग शेप आणि स्केल एवढेच सुटे राहतील आणि ते ‘आर’शी जुळतील.

आणि जुळलं का, हे बघायला रँडम आकडे काढूच नका. दोन सॉफ्टवेअरना एकच सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) दिलं तरी आकडे वेगळेच येतात. त्याऐवजी ०.५ चा क्वांटाइल काढा, म्हणजे ज्याच्याखाली निम्मे आकडे येतात तो. तुमच्या गॅमाचा तो ३८.५ मिनिटांच्या आसपास आहे. ‘आर’, पायथन, एक्सेल, तिन्हीकडे तोच आला पाहिजे. एका जागी ०.०९६ आला तर तिथे रेट आणि स्केलची अदलाबदल झाली आहे.

एक सांगा, रजिस्टराचं स्वतःचं प्रमाण विचलन किती आहे? गॅमाचं नको, रजिस्टराचं.

पाना_नंबर_१४

क्वांटाइल तिन्हीकडे ३८.५. स्केल २० देऊन एक लाख आकडे काढले, सरासरी ४५.०४, प्रमाण विचलन २९.९. मुलाने मान खाली घातली, मी घातली नाही, कारण रेट त्याला मीच दिला होता.

रजिस्टराचं प्रमाण विचलन ३५ आहे. ३० आणि ३५ मध्ये फार फरक आहे का?

दुसरा प्रश्न. आता हजार रात्री चालवल्या आणि हजारही रात्री एकसारख्या निघाल्या. शेवटच्या दशांशापर्यंत. हिस्टोग्राममध्ये एकच खांब आहे. हे रँडम कसलं?

मोजकंच_बोलतो

सीड लूपच्या आत आहे. एक रात्र चालवणारं फंक्शन उघडा, त्याच्या पहिल्या-दुसऱ्या ओळीत जनरेटर (रँडम आकडे काढणारा भाग) तयार केलेला सापडेल, कंसात ४२ किंवा १२३. दर रात्री तो पहिल्या आकड्यापासून पुन्हा सुरू होतो. जनरेटर बाहेर एकदाच तयार करा आणि फंक्शनला आत द्या.

पाना_नंबर_१४

४२ च होते.

नवखा_पण_हौशी

मला वाटतं हे कॉम्प्युटरचे रँडम नंबर मुळात खरे रँडम नसतात, त्यामुळेच असं होतं. हार्डवेअरचं खरं रँडम घ्यायला हवं का?

मोजकंच_बोलतो

नको. ‘आर’चा ठरलेला जनरेटर मर्सेन ट्विस्टर आहे, त्याचं आवर्तन (तेच आकडे पुन्हा सुरू व्हायच्या आधीची रांग) दोनाचा १९,९३७ वा घात वजा एक इतकं लांब. नमपायचा नवा जनरेटर पीसीजी-६४. हजार रात्रींना दोन्ही कितीतरी जास्त आहेत. वाईट जनरेटर होऊन गेले, नाही असं नाही. रँडू नावाचा एक होता, गुणक ६५,५३९. त्याचे लागोपाठचे तीन-तीन आकडे घनात मांडले की सगळे ठिपके फक्त १५ प्रतलांवर पडायचे. पण आज आकडे विचित्र दिसले तर जनरेटरच्या आधी स्वतःच्या ओळी तपासा. वरचेच बघा: आधी स्केल, मग सीड. जनरेटर दोन्ही वेळा निर्दोष.

एकच सावधगिरी. पुढे चार कोअरवर चालवाल तेव्हा चौघांना एकच सीड देऊ नका, नाहीतर चार कोअर मिळून एकच काम चार वेळा करतील. नमपायमध्ये एका सीडपासून वेगवेगळे प्रवाह काढायची सोय आहे, ‘आर’मध्ये लेक्युएरचा जनरेटर त्याचसाठी आहे.

शंकासुर

३० आणि ३५ चा फरक मोठा आहे, आणि तो चुकून आलेला नाही. गॅमा मॅक्झिमम लाइकलीहूडने (आपल्या नोंदी येण्याची शक्यता सगळ्यात जास्त करणारे शेप-रेट निवडून) बसवला की त्याची सरासरी डेटाच्या सरासरीशी तंतोतंत जुळते, गणितच तसं आहे. त्यामुळे “सरासरी ४५ आली” याने फिट चांगलं आहे हे सिद्ध होत नाही, ती यायचीच होती. प्रमाण विचलन जुळण्याची सक्ती मात्र नसते. तिथे तुमचं रजिस्टर गॅमापेक्षा जास्त पसरलेलं आहे.

आता तो पी ०.२१. त्यावर विसंबू नका. कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्हचं कोष्टक असं गृहीत धरतं की वितरण तुम्हाला आधीपासून माहीत होतं. तुम्ही शेप आणि रेट त्याच ४१२ नोंदींवरून काढले आणि त्याच नोंदींवर तपासले. आपण शिवलेला सदरा आपल्याच मापाला बसतो म्हणून कौतुक करण्यासारखं. असा पी नेहमी खऱ्यापेक्षा मोठा येतो. लिलिफोर्सने नॉर्मलसाठी १९६७ मध्ये सुधारलेलं कोष्टक दिलं, दोन वर्षांनी एक्स्पोनेन्शियलसाठी. गॅमासाठी तुम्ही स्वतःच करू शकता, आणि त्याला लागतं तेच जे तुम्ही आत्ता शिकलात: बसवलेल्या गॅमातून ४१२ आकडे काढा, त्यांच्यावर गॅमा नव्याने बसवा, नव्या फिटपासूनचं अंतर मोजा, हे हजार वेळा. तुमच्या खऱ्या रजिस्टराचं अंतर या हजारांत कुठे पडतं तो खरा पी. मधली पायरी, नव्याने बसवण्याची, गाळू नका. तीच तर सगळी भानगड आहे.

शिवाय तुमच्या नोंदी बहुतेक ५ च्या पाढ्यात असणार. ३०, ४५, ६०. घड्याळ बघून ३७ मिनिटं कोण लिहितो? एवढे सारखे आकडे असले की ती चाचणी तशीही अडखळते. हजार वेळा काढलेले आकडेसुद्धा ५ च्या पाढ्यात आणून मग तुलना करा.

आणि मुळात ही चाचणी मधल्या भागाकडे बघते. फिटर कमी पडतात ते शेपटीमुळे. तुमच्या रजिस्टरातल्या सगळ्यात मोठ्या चार-पाच नोंदी सांगा.

पाना_नंबर_१४

सगळ्यात मोठी ३१०. मग २६५, २५०. त्यानंतर एकदम १६५.

पाढ्याचं बरोबर आहे. ४१२ पैकी ५ ने भाग न जाणाऱ्या नोंदी मोजल्या, एकोणीस निघाल्या. त्यातल्या बहुतेक एकाच फिटरच्या अक्षरात आहेत.

शंकासुर

तुमच्या गॅमाप्रमाणे २४० मिनिटांच्या वर जाण्याची शक्यता साधारण साडेसात हजारांत एक. ४१२ नोंदींत अशा ०.०६ असायला हव्यात, म्हणजे जवळपास नाहीतच. तुमच्याकडे तीन आहेत. १६५ ते २५० मध्ये काही नाही, आणि मग तीन. एका वितरणाची लांब शेपटी अशी तुटक नसते. त्या तीन ओळींची मूळ पानं उघडून बघा.

चिठ्ठी_काढा

एक बावळट प्रश्न. गॅमा बसवायचाच कशाला? ४१२ खऱ्या नोंदी हातात आहेत. त्यातूनच एक-एक उचलायची, परत टाकायची, पुन्हा उचलायची. ‘आर’मध्ये सॅम्पल, नमपायमध्ये चॉइस. ना रेट, ना स्केल, ना लोक. १९०८ मध्ये गॉसेटने, ज्याला लोक ‘स्टुडंट’ म्हणून ओळखतात, हेच केलं होतं. ३००० कैद्यांची उंची आणि डाव्या मधल्या बोटाची लांबी कार्डांवर लिहिली, कार्डं पिसली आणि चार-चारचे ७५० गठ्ठे केले. कॉम्प्युटर नव्हता, काम झालं.

उजवं_शेपूट

प्रश्न बावळट अजिबात नाही, बऱ्याचदा तेच करावं. नोंदी हजारोंनी असतील आणि टोकाशी काही देणंघेणं नसेल तर मी स्वतः वितरण बसवत नाही. फक्त चिठ्ठ्यांच्या पिशवीतून ३११ कधीच निघत नाही, आणि १६५ व २५० च्या मधलंही काही निघत नाही. जे चौदा महिन्यांत घडलं तेच आणि तेवढंच पुन्हा घडणार असं ते म्हणतं. मधला उपाय म्हणजे चिठ्ठी काढायची आणि तिच्यात थोडा नॉर्मल डळमळीतपणा मिसळायचा, कर्नल डेन्सिटीच्या (हिस्टोग्राम गुळगुळीत करायच्या रीतीच्या) रुंदीएवढा. ५ च्या पाढ्याचे खड्डे त्याने बुजतात. पण शून्याजवळ उणे आकडे परत डोकावतात, म्हणून मिनिटांचा लॉग घेऊन, डळमळवून, परत मिनिटांत आणायचं.

इथे मात्र मला वाटतं त्या तीन नोंदींचं कारण कळल्याशिवाय कुठलीच पद्धत ठरवू नये.

पाना_नंबर_१४

कारण कळलं, आणि ते इतका वेळ माझ्या समोर होतं.

रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा आहे. टाइप करताना मी तो घेतलाच नव्हता, आकडे हवे होते ना. आज ती तिन्ही पानं काढली. ३१० समोर लिहिलंय “बेअरिंग स्टोअरला नाही, मागवलं”. २६५ समोर “पार्ट मागवला”. २५० समोरचं पाण्याने पुसलंय, पण “मागव” एवढं वाचता येतं. म्हणजे फिटर दुरुस्ती करत नव्हता, वाट बघत होता. आणि वाट बघताना तो दुसऱ्या मशीनवर जाऊ शकत होता! म्हणजे माझ्या प्रश्नासाठी ती ३१० मिनिटं फिटरची नाहीतच, मशीनची आहेत.

आता काय करू? तिन्ही काढून टाकू?

उजवं_शेपूट

काढून टाकू नका, वेगळी करा. तुमच्याकडे दुरुस्तीच्या दोन जाती आहेत. नेहमीची, ४०९. आणि पार्टवाली, ३. प्रत्येक बिघाडाला आधी ० ते १ मधला एक साधा रँडम आकडा काढा. तो ०.००७३ पेक्षा लहान आला, म्हणजे ३ भागिले ४१२, तर पार्टवाली जात, नाहीतर नेहमीची. मग त्या-त्या जातीच्या वितरणातून मिनिटं काढा. मिश्र वितरणातून आकडे काढायचे ते असेच, दोन पायऱ्यांत. दोन्ही जातींतून एक-एक आकडा काढून त्यांची भारित सरासरी करणं हे वेगळंच काहीतरी होतं. लोक ते करतात, तुम्ही करू नका.

४०९ वर गॅमा पुन्हा बसवा आणि आकडे टाका. पार्टवाल्या तीनवर काहीही बसवू नका. तीन ठिपक्यांतून कुठलाही वक्र जातो. त्याऐवजी स्टोअरच्या माणसाला विचारा: कमीत कमी किती, बहुधा किती, जास्तीत जास्त किती? त्रिकोणी वितरण घ्या. दिसायला ओबडधोबड आहे, पण ते कुठून आलं हे कुणालाही सांगता येतं.

पाना_नंबर_१४

४०९ वर: शेप २.४७, रेट ०.०५७. म्हणजे स्केल १७.५, हे मी आता न विचारता सांगतो. त्या ४०९ चं प्रमाण विचलन २९, गॅमाचं २७.६.

स्टोअरवाला म्हणाला, “साडेतीन-पावणेचार तासांच्या आत येत नाही, साडेचार म्हणजे नेहमीचं, आणि आठ तासांच्या पुढे गेला तर मी साहेबांना फोन करतो.” म्हणजे २२०, २७०, ४८०. एक लाख आकडे काढले: सरासरी ४५.३, प्रमाण विचलन ३६.५. रजिस्टर ४५ आणि ३५.

शंकासुर

आता रजिस्टरासारखं दिसतंय. विचलन थोडं जास्त आहे ते स्टोअरवाल्याच्या आठ तासांमुळे, रजिस्टरात तेवढं अजून झालेलं नाही. तसंच राहू द्या.

कोव्हेरियन्स_काका

उशिरा आलो, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. शेप २.४७ ही देववाणी नाही, ४०९ नोंदींवरून काढलेला अंदाज आहे. दुसऱ्या चौदा महिन्यांत वेगळा आला असता. दर रात्री तेच दोन आकडे वापरलेत तर ही अनिश्चितता तुमच्या निकालात येतच नाही, आणि निकाल उगाच ठाम दिसतो.

तेव्हा प्रत्येक फेरीला शेप आणि रेटही रँडम घ्या. पण इथेच सगळे घसरतात, म्हणून तुमच्या पहिल्या फिटचेच आकडे घेऊन दाखवतो, गणित सोपं पडतं. ४१२ नोंदी, शेप २.२५, त्याची प्रमाण त्रुटी (अंदाज साधारण किती इकडेतिकडे असेल ते) सुमारे ०.१५. रेट ०.०५, त्याची ०.००३७. सॉफ्टवेअर हे दोन आकडे छापतं, लोक दोन वेगळे नॉर्मल काढतात आणि मोकळे होतात. पण शेप आणि रेट एकमेकांना घट्ट बांधलेले आहेत, सहसंबंध जवळपास ०.९. शेप वर गेला की रेटही वर जातो, कारण त्यांचा भागाकार, म्हणजे सरासरी, डेटाने चांगली पकडून ठेवली आहे. सरासरीची खरी त्रुटी ३० भागिले ४१२ चं वर्गमूळ, म्हणजे दीड मिनिट. दोघं सुटे-सुटे काढले तर तीच त्रुटी साडेचार मिनिटांच्या घरात जाते. तिप्पट! डेटाने दिलेली अर्धी माहिती तुम्ही स्वतःच्या हाताने फेकलेली असते.

उपाय दोन. एक, फिटसोबत मिळणारं कोव्हेरियन्स मॅट्रिक्स (दोघांच्या त्रुटी आणि त्यांचं नातं एकत्र देणारं कोष्टक) पूर्ण वापरा, दोघांच्या लॉगवर, म्हणजे उणे शेप येणार नाही. दोन, जो मला आवडतो: ४०९ नोंदींमधून परत टाकत ४०९ चिठ्ठ्या काढा, त्यावर गॅमा बसवा, जे शेप-रेट येतील ते त्या फेरीला वापरा. सहसंबंध आपोआप सांभाळला जातो, मॅट्रिक्स बघावंही लागत नाही. वरचे चिठ्ठीवाले खूश होतील.

आणि ते ०.००७३ सुद्धा तीन घटनांवर उभं आहे, सगळ्यात डळमळीत तेच. एक फेरी ०.००३ ने आणि एक ०.०२ ने चालवून बघा. फिटरांची संख्या बदलली नाही तर त्याचा विचार सोडून द्या.

चिठ्ठी_काढा

खूश झालो.

पाना_नंबर_१४

काका, दुसरा उपाय केला. हजार फेऱ्या, दर फेरीला नवा शेप-रेट, प्रत्येकीत हजार रात्री. मुलाने रात्रभर लावून ठेवलं, सीड बाहेर आहे हे मी स्वतः बघितलं. पार्टवाल्या जातीत फिटर पहिल्या २० मिनिटांनंतर मोकळा होतो आणि पार्ट आला की परत येतो, असं धरलं. वीस मिनिटं फिटरांना विचारून घेतली. तसं धरलं की बहुतेक फेऱ्यांत दोन फिटर पुरतात. न धरता, म्हणजे फिटर तिथेच बसून राहतो असं मानलं, तर तिसरा लागतो. ०.००३ वर आणि ०.०२ वर दोन्हीकडे हेच. म्हणजे सगळं त्या एका गृहीतकावर अडलं, गॅमावर नाही.

म्हणून शेऱ्याचा रकाना आता पूर्ण टाइप करायला घेतलाय. २६० ओळी झाल्या. त्यात एक सापडली: मिनिटांच्या रकान्यात शून्य, शेऱ्यात “आपोआप चालू झालं”. मी टाइप करताना तिथे ५ घातलेले दिसतात, का ते आता आठवत नाही. शून्य घालून गॅमा पुन्हा बसवायला गेलो तर ‘आर’ने एरर दिली.

उजवं_शेपूट

देणारच. लाइकलीहूडसाठी प्रत्येक नोंदीचा लॉग लागतो, आणि शून्याचा लॉग उणे अनंत. त्या एका ओळीपायी अख्खी बेरीज बुडते. शून्याच्या जागी ०.००१ घालून वेळ मारून नेऊ नका, लॉगमध्ये ती नोंद ३१० पेक्षाही लांबचं टोक होते आणि शेप खाली ओढते. ५ ठेवणंही नको, ते घडलेलं नाही. ती तिसरी जात समजा: आपोआप चालू झालेली, मिनिटं शून्य. पहिल्या पायरीच्या ० ते १ मधल्या आकड्याचे आता दोनऐवजी तीन तुकडे करा.

उरलेल्या १५२ ओळींत अजून अशा किती निघतात ते कळवा.